तोरणा ते रायगड एकट्याने धावत: मधे पाणी कुठे? लवकर सांगा

डोंगरपळ्या
शनिवारी निघतोय. गुंजवणे, राजगड, तोरणा, हारपुड, मोहरी, तिथून खाली रायगडवाडी. एकटाच. तोरण्यापर्यंतची वाट पाठ आहे. तोरण्याची बुधला माची उतरल्यावर मोहरीपर्यंत पाणी कुठे मिळतं, एवढंच हवंय. एकटा जाऊ नकोस हे घरचे रोज सांगतात.

घाटवाट
मोहरीतून उतरणार कुठून? बोराट्याची नाळ (कोकणात उतरणारी अरुंद घळ) की सिंगापूर गावाजवळची? आणि गुंजवण्यातून किती वाजता?

सह्यमित्र
मार्चात ओढ्यांवर विसंबू नका. तोरण्यावरच्या मेंगाई देवळाजवळच्या टाक्यांतून सगळं भरून घ्या, पुढे गावातच मागायचं. हारपुडला घरी विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही.

रानवारा५१
स्वारगेटहून वेल्ह्याला एसटी आहे. गुंजवण्यासाठी मार्गासनीला उतरा.

डोंगरपळ्या
एसटीचं विचारलं नव्हतं. @घाटवाट, बोराट्याची. पहाटे चारला.

पायपीट
बूट कुठले? नाळेत सुटे धोंडे आहेत, गुळगुळीत तळ चालणार नाही. मी आधी अर्ध्या मापाने मोठे घेतो, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात.

ऊनसावली
नुसतं पाणी पीत राहू नका. तासन्‌तास घाम जातो, वर साधंच पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. ओआरएस ठेवा.

पायपीट
लिंबू-मीठ-गूळ पुरतं. मी दहा वर्षं तेच घेतोय.

ऊनसावली
पुड्यात प्रमाण ठरलेलं असतं, अंदाजाने टाकलेल्या मिठाचं तसं नाही. चार तास आणि चौदा तास यात फरक आहे.

सूर्यास्त
उपग्रहावरून संदेश पाठवायचं यंत्र घ्या. नाळेत रेंज नसते.

घाटवाट
ते परवानगीशिवाय बाळगणं भारतात बेकायदा आहे. परदेशी पर्यटकांना त्यावरून विमानतळावर अडवलंय. त्यापेक्षा घरच्यांना वाट लिहून द्या, पोचायची वेळ ठरवा.
डोंगरपळ्या, चारला निघून मोहरीत अंधार पडायच्या आत पोचाल का? नाळ उजेडातच उतरा. आग्या मोहोळं असतात, अत्तर किंवा धूर नको.

डोंगरपळ्या
साडेचारपर्यंत मोहरी धरलीय. तीन लिटर नेतोय. हारपुड ते मोहरी बारमाही झरा आहे की नाही?

सह्यमित्र
तो टप्पा कोरडाच धरा. तीन कमी आहे, चार न्या. साडेपाच वाजले तर मोहरीतच मुक्काम करा.

डोंगरपळ्या
चार नेतो. मोहरीत राहायला कोणाला विचारायचं?