हॉस्पिटल-सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचंय? आधी पुणे की आधी ओपीडीची खिडकी?

कुडाळकरीण

भाची बी.फार्म. झाली, सावंतवाडीत एका रुग्णालयाच्या औषध-खिडकीवर आहे. तिला हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचंय. घरचे म्हणतात, पुण्याला जा, सर्टिफिकेट कर. मी म्हणते, दोन वर्षं इथेच काढ. मी सात वर्षं रुग्णालयांत सॉफ्टवेअर बसवण्याचंच काम करते, म्हणून सांगते.

एका रुग्णालयात नवी नोंदणी सुरू केली तो पहिला सोमवार. प्रत्येकाचा १४ आकडी आभा क्रमांक, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य-ओळख, काढायचा होता. त्याचा ओटीपी जातो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. समोरच्या आजींच्या आधारला नंबर मुलाचा, आणि मुलगा मुंबईला. आजी म्हणाल्या, "झील आता लोकलात आसतलो, फोन उचलूचो नाय." मागे रांग दाराबाहेर. अर्ध्या तासात डॉक्टरांनी हातानं केसपेपर लिहायला घेतले. पुण्यात आखलेल्या आराखड्यात चाकरमानी कुठेच नव्हता.

दुसरं त्याहून गंभीर. एकाच बाईची माहेरच्या नावानं एक नोंद, सासरच्या नावानं दुसरी. पेनिसिलिनची ॲलर्जी पहिल्या नोंदीत, औषध लिहिलं दुसऱ्या नोंदीवर. हे पकडलं औषध-खिडकीवरच्या मुलीनं, कारण ती त्या बाईला ओळखत होती. अशी नजर कोणत्या क्लासमध्ये मिळते?

वाशिष्ठीकाठ

अजिबात पटलं नाही. तुमचीच गोष्ट घ्या. ओटीपी नसेल तर अंगठा लावूनही आभा निघतं. मग ते यंत्र खिडकीवर का नव्हतं? कारण हा धोका आधी कोणी लिहूनच ठेवला नव्हता. ओपीडीत उभं राहून अडचण दिसते, हे कबूल. पण ती तीन महिने आधी यादीत घालायची, तिच्यापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख टाकायची, दर आठवड्याला त्या माणसाच्या मागे लागायचं, हे कसब वेगळं. मी मूळ चिपळूणचा, पण हे पुण्यात शिकलो. शिकवणारे वरिष्ठ तिथे होते, इथे कोणी नव्हतं.

दुसरं म्हणजे दारावरची अट. पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजरच्या सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायला पदवीधराकडे प्रकल्प चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, वर ३५ तासांचं प्रशिक्षण. तुमच्या भाचीची दोन वर्षं 'कॉम्प्युटरवाली मॅडम' म्हणून प्रिंटरमधला कागद काढण्यात गेली, तर ते महिने कोण मोजणार? उद्या तिला निदान करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळायचं असेल, तर ते वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली येतं. तिथे प्रत्येक बदलाची नोंद, चाचणी, मंजुरी लागते. ती शिस्त अंगात मुरायला तसं काम रोज चालणारी जागाच हवी.

ओरोसची सिस्टर

मी वॉर्डातली, मला सर्टिफिकेटातलं कळत नाही. आमच्याकडे नवी सिस्टीम सुरू करायची तारीख ठेवली जुलैत. लावणीच्या दिवसांत लेप्टोचे ताप, एका खाटेवर दोघं, आणि लाइट गेली की इंटरनेटही गेलं. पाठोपाठ गणपती, निम्मा स्टाफ रजेवर. आम्ही ऑक्टोबर सांगितलं असतं, पण विचारलंच नाही. २२ जुलै २०२१ ला तुमच्या चिपळुणात काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको.

वाशिष्ठीकाठ

नको सिस्टर, आमच्या माजघरात छातीएवढं पाणी होतं. पण तुम्हाला पहिल्या बैठकीला बोलवणं हेच तर प्रोजेक्ट मॅनेजरचं काम होतं. ते झालं नाही, कारण तो ते काम शिकलेला नव्हता. तो कोकणातला नव्हता म्हणून नव्हे.

आंबोली घाट

पगाराचं कोणीच काढत नाही. इथे राहिलेल्या मुलीला काम मॅनेजरचं आणि पगार ऑपरेटरचा देतात. माझ्या बहिणीनं तीन वर्षं तसंच काढलं. वॉर्डाची माहिती तिची, सही मुंबईहून येणाऱ्या साहेबाची. कुडाळकरीण ताई, 'इथेच राहा' म्हणताना तिला पदाचं नाव आणि कामाचं पत्र लेखी मिळवून द्या. नाहीतर वाशिष्ठीकाठ म्हणतात तसे ते ३६ महिने हवेत जातील.

कुडाळकरीण

आंबोली घाट, हे मात्र मनाला लागलं. पत्र लेखी मागायला सांगते. आणि यंत्राचं म्हणाल तर वाशिष्ठीकाठ, चूक आमची, त्यात मी आलेच.

तरी आधी काय नि मग काय, ते मी बदलत नाही. आपला अत्यवस्थ पेशंट गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला पाठवतात तेव्हा त्याचे रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत नातेवाइकाच्या मांडीवर जातात. दोन्हीकडच्या संगणकांना एकमेकांची नोंद कळावी म्हणून एफएचआयआर नावाचं मानक आहे, आयुष्मान भारत डिजिटल मिशननंही तेच घेतलंय. ते पुस्तकातून महिनाभरात समजतं. पण त्या पिशवीतला कुठला कागद तिथला डॉक्टर आधी मागतो, हे ॲम्ब्युलन्सपाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

भाची खिडकीवर वही ठेवते: अडचण काय, कोणाला, दिवसात कितीदा. काल तिनं दोन रकाने वाढवले, कोण सोडवणार आणि कधीपर्यंत. वाशिष्ठीकाठ, ते तुमचे. वही भरली की पानांचे फोटो पाठवते, तुम्ही लाल पेनानं तपासून द्या. पुण्याचं तिकीट मात्र अजून काढू देणार नाही.