मदत हवी आहे: लंडनमध्ये यूस्टनच्या आसपास चौघींना चालेल आणि परवडेल असं भारतीय जेवण

नमस्कार मंडळी,

मी मूळची बार्शीची. सध्या लंडनला ब्लूम्सबरी भागातल्या एका विद्यापीठात एमएससी करते आहे आणि यूस्टन स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर होस्टेलला राहते. इथल्या भारतीय हॉटेलांबद्दल मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण "चांगलं हॉटेल सुचवा" एवढ्यावर माझं भागणार नाही.

आम्ही चौघी मैत्रिणी दर शनिवारी रात्री एकत्र जेवतो. आठवडाभर प्रत्येकीच्या वेळा वेगळ्या, होस्टेलच्या स्वयंपाकघरात शेगडी मोकळी मिळायची मारामार. त्यामुळे हे एक जेवण चुकवायचं नाही असं ठरवलंय. एक सांगलीची, जैन. कांदा, लसूण, बटाटा तिला चालत नाही. एक लखनौची, ती मटण-चिकन हलाल असेल तरच खाते. एक कोट्टयमची, तिला सीलिअ‍ॅक आहे. गहू चुकून जरी पोटात गेला तरी पुढचे दोन-तीन दिवस ती आजारी. चौथी मी. मला काहीही चालतं, पण डाळ-भात नीट पाहिजे. माणशी १२ ते १४ पौंडांच्या वर जाता येत नाही.

फोनवरचे तारे पाहून हॉटेल निवडणं आम्ही सोडून दिलंय. ते तारे बहुतेक बटर चिकन आणि नान खाऊन दिलेले असतात. त्यावरून तिथलं वरण कसं आहे हे मला कसं कळणार? म्हणून मी आता सगळीकडे तेच मागवते: साधी डाळ, भात, एक सुकी भाजी आणि चपाती किंवा रोटी. चारी पदार्थ रोजचे आहेत आणि त्यात क्रीम घालून काही झाकता येत नाही. डाळ सकाळपासून ठेवून आटलेली आहे की ताजी, फोडणी वेळेवर दिलीय की नुसतं वर तेल सोडलंय, हे पहिल्या घासाला समजतं. शिवाय बिलाचा शेवटचा आकडा लिहून ठेवते. मेनूवरच्या किमतीत कधीकधी भात धरलेला नसतो, वर साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लागतो, आणि स्वस्त म्हणून निवडलेलं हॉटेल महाग पडतं.

आतापर्यंत जे पाहिलं ते असं.

यूस्टन स्टेशनच्या मागे ड्रमंड स्ट्रीट आहे. एचएस२ रेल्वेच्या कामामुळे स्टेशनच्या बाजूला पत्रे ठोकलेत, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला आत एवढी खाण्याची गल्ली असेल असं वाटत नाही. अंबाला मिठाईवाल्यांचं पहिलं दुकान १९६५ साली याच रस्त्यावर निघालं. दिवाणा भेळपुरी हाउस तर कित्येक वर्षांपासून विद्यार्थ्यांचं ठिकाण आहे. लाकडी बाकं, पूर्ण शाकाहारी, भेळ, शेवपुरी, डोसा, थाळी. तिथली थाळी आली तेव्हा मी आधी वाट्या बघितल्या. डाळ पातळ होती, मोहरी वर तरंगत होती, आणि भातावर ओतल्यावर ती भातात मुरली. मी बराच वेळ काही बोलले नाही, नुसती जेवत होते. त्याच रस्त्यावर रावी कबाबमध्ये हलाल मिळतं, म्हणून लखनौवालीचं पहिलं मत त्याला. पण तिथे सांगलीची काय खाणार?

दुसरं एक हॉटेल, नाव लिहीत नाही, नेहमीचं 'करी हाउस'. तिथे आम्ही कोर्मा, मद्रास आणि जालफ्रेझी अशा तीन वेगळ्या भाज्या मागवल्या. तिन्ही वाट्या शेजारी ठेवल्या आणि नुसता रस्सा चाखला. एकात नारळ आणि क्रीम, एकात तिखट आणि लिंबू, एकात ढोबळी मिरची. खालचा रस्सा तोच, शिजवून वाटलेल्या कांद्याचा. म्हणजे जैन माणसाला तिथे भाताशिवाय काही उरतच नाही. वेटरने "कांदा काढून देतो" असं सांगितलं होतं. वरून घातलेला कांदा निघेल, रश्श्यातला कसा निघणार? त्या दिवशी ती पापड आणि दही-भात खाऊन उठली आणि बिल मात्र चौघींनी सारखं भरलं. मला ते फार लागलं.

तर माझे प्रश्न. चौघी एका टेबलावर बसून पोटभर जेवू शकू असं ठिकाण चालत जाण्याच्या अंतरात आहे का? नसेल तर महिन्यातून एकदा लांब जायची तयारी आहे, कुठे जावं? आणि सीलिअ‍ॅकवालीसाठी हॉटेलात नेमकं काय विचारायचं? "ग्लूटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) आहे का?" म्हटलं की सगळे "नाही नाही" म्हणतात आणि माझा विश्वास बसत नाही.

प्रतिसाद (हॅरोहून)

अगं, फिट्झरॉय स्क्वेअरला भारतीय वायएमसीए आहे, तुझ्या विद्यापीठापासून चालत दहा-पंधरा मिनिटं. संस्था १९२०ची, आताची इमारत १९५३ची. भारतातून शिकायला येणाऱ्या मुलांसाठीच ती काढली. तिथल्या कँटीनमध्ये बाहेरच्यांनाही जेवता येतं. ट्रे घ्यायचा, पाहिजे ते वाढून घ्यायचं आणि पैसे देऊन बसायचं. आम्ही नवीन आलो तेव्हा महिन्याच्या शेवटच्या आठवड्याला तोच आधार होता. तू डाळीवरून पारख करतेस ना, मग तिथे एकदा जाच. फक्त शनिवारी रात्रीच्या वेळा आधी फोन करून विचार. दुसरं असंच घरगुती ठिकाण म्हणजे स्ट्रँडवरचा इंडिया क्लब, पण तो २०२३च्या सप्टेंबरात बंद झाला. आमच्या पिढीला त्याची फार हळहळ वाटते.

करी हाउसबद्दल थोडं सांगतो. इथली 'इंडियन' पाटीची बहुतेक जुनी हॉटेलं सिल्हेटहून आलेल्या बांगलादेशी लोकांनी उभी केली. एकाच रश्श्यावर वीस पदार्थ करायची पद्धत त्यांनी इथल्या गिऱ्हाइकासाठी बसवली, कारण रात्री पब सुटल्यावर एकदम गर्दी यायची आणि पाच मिनिटांत ताट द्यावं लागायचं. त्यांचं घरचं जेवण अगदी वेगळं असतं. ओळख झाली की "तुम्ही स्वतः जे जेवता ते द्या" असं म्हणून बघ. मला अशी मसुराची डाळ आणि मासे मिळालेत, मेनूवर त्यांचं नावही नव्हतं.

सर्व्हिस चार्ज बिलावर 'ऐच्छिक' लिहिलेला असेल तर तो काढायला सांगता येतो, त्यात संकोच करू नकोस. आणि जिथे दारू विकायचा परवाना आहे तिथे मागितलं की नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं. चौघींनी चार बाटल्या घेतल्या तर एका डोशाचे पैसे जातात.

प्रतिसाद (लेस्टरहून)

माझ्या मुलीला सीलिअ‍ॅक आहे, म्हणून हे लिहिते. नीट वाच.

सगळ्यात मोठा धोका हिंगाचा. डबीतला बांधणीचा हिंग निव्वळ हिंग नसतो, त्यात पीठ मिसळलेलं असतं आणि इथे मिळणाऱ्या बऱ्याच डब्यांवर गव्हाचं पीठ लिहिलेलं असतं. म्हणजे तुझी ती सुंदर फोडणीची डाळ, सांबार, कढी, सगळं तिच्यासाठी शंकेचं. हॉटेलवाला खोटं बोलत नसतो, त्याच्या डोक्यात हिंग हा मसाला असतो, गहू नसतो. म्हणून "ग्लूटेन आहे का" असं विचारूच नका. "हिंगाची डबी दाखवता का?" असं विचारा. आमच्या इथे एका बाईंनी स्वयंपाकघरातून डबी आणून दाखवली, वाचली आणि स्वतःच म्हणाल्या, मुलीला डाळ देऊ नका, मी तिच्यासाठी नुसती जिऱ्याची फोडणी देते.

दुसरं, तळण. भजी बेसनाची असली तरी त्याच कढईत समोसे तळले असतील तर ती तिला चालणार नाहीत. रवा डोसा म्हणजे गहूच. साधा डोसा चालतो, पण त्याच तव्यावर रवा डोसा टाकत असतील तर नाही. ग्लूटेनची धान्यं इथल्या कायद्यातल्या १४ अ‍ॅलर्जींच्या यादीत येतात आणि त्यांची माहिती देणं हॉटेलवर बंधनकारक आहे, त्यामुळे विचारताना भीड बाळगू नका. गर्दीच्या आधी जा, सहा-साडेसहाला. तेव्हा आचाऱ्याला बोलायला वेळ असतो.

प्रतिसाद (ईस्ट हॅमहून)

महिन्यातून एकदा लांब जायची तयारी असेल तर यूस्टन स्क्वेअरहून हॅमरस्मिथ अँड सिटी लाइन पकडा, गाडी थेट ईस्ट हॅमला येते. हाय स्ट्रीट नॉर्थवर तमिळ आणि मल्याळी हॉटेलं ओळीने आहेत. तुमच्या कोट्टयमच्या मैत्रिणीला तिथलं तट्टुकडा हे हॉटेल दाखवाच, तिच्या गावचं मासे-भाताचं जेवण मिळेल. हलालची हॉटेलंही याच रस्त्यावर सापडतील. जैन मैत्रिणीसाठी मात्र वेम्बलीचा ईलिंग रोड बरा. तिथे गुजराती वस्ती, शाकाहारी हॉटेलं भरपूर, आणि 'जैन' म्हटलं की काय वगळायचं ते समजावून सांगावं लागत नाही.

आणि वडापावची आठवण आली तर रसेल स्क्वेअरहून पिकॅडिली लाइनने हाउन्सलो. श्रीकृष्ण वडापाव तिथलंच. २०१० साली मुंबईच्या दोघा मित्रांनी सुरू केलं.

मूळ धागाकर्ती

काका, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. हिंगाचं मला खरंच माहीत नव्हतं. आमची कोट्टयमवाली सांबार खाऊन आजारी पडली होती आणि आम्ही उगाच चटणीवर संशय घेत बसलो. तिला हा प्रतिसाद वाचून दाखवला, ती लगेच स्वयंपाकघरात गेली आणि आमची स्वतःची हिंगाची डबी घेऊन आली. त्यावर गव्हाचं पीठ लिहिलेलं आहे! डबी आजच बदलतोय.

या शनिवारी वायएमसीएला फोन करून जाणार. सगळे पदार्थ समोर मांडलेले असतील तर प्रत्येकीला आपापलं बघून, विचारून घेता येईल, हे आमच्यासाठी सगळ्यात सोयीचं दिसतंय. लखनौवालीने तिथे शाकाहारी जेवायचं स्वतःहून कबूल केलंय, बदल्यात पुढचा शनिवार रावीचा. सांगलीची म्हणाली, त्या दिवशी मी आधी दिवाणामध्ये काहीतरी खाऊन येईन आणि तुमच्यासोबत नुसती बसेन. मला ते पटलेलं नाही.

म्हणून अजून एक विचारते. सोआस या इथल्या कॉलेजच्या बाहेर दुपारी हरे कृष्णवाल्यांची गाडी येते, विद्यार्थ्यांना फुकट जेवण देतात. त्यात कांदा-लसूण नसतो हे माहीत आहे, पण बटाटा रोज असतो का? कुणी नेहमी जेवत असेल तर सांगा. आणि ड्रमंड स्ट्रीटवर किंवा टॉटनहॅम कोर्ट रोडच्या बाजूला आधी फोन केला तर जैन डाळ आणि एखादी भाजी वेगळी करून देणारं कुणी माहीत असेल तर नाव कळवा. पर्युषण जवळ येतंय, त्याच्या आत तिच्यासाठी एक तरी पक्कं ठिकाण हवं आहे.