हॉस्पिसच्या फाइलवर मुख्य निदान 'अशक्तपणा' लिहावं का?

जुळे_सोलापूरकर:
मी घरून अमेरिकन हॉस्पिसच्या, म्हणजे शेवटच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थांच्या, फाइलींचं कोडिंग करते (डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला ठरलेला कोड देते), म्हणून विषय काढतेय. तिथे मेडिकेअरमध्ये (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) ऑक्टोबर २०१४ पासून 'अशक्तपणा' किंवा 'खंगत जाणं' हे मुख्य निदान म्हणून चालत नाही, क्लेम परत येतो. स्मृतिभ्रंशातही मूळ आजार आधी लागतो. अल्झायमरमुळे असेल तर आधी जी३० (अल्झायमरचा कोड), मग एफ०२ (त्यातून आलेल्या स्मृतिभ्रंशाचा). एफ०२ पहिला टाकताच येत नाही. मला हा कडकपणा योग्य वाटतो आणि सोलापुरात घरोघरी जाऊन शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणाऱ्यांनीही तो पाळावा. फाइलवर 'हार्ट फेल्युअर' असेल तर रात्री धाप लागेल, पाय सुजतील, हे घरच्यांना आधी सांगता येतं. 'अशक्तपणा' वाचून नर्सनं पिशवीत कोणतं औषध ठेवायचं? तिकडे तर त्या आजाराशी निगडित औषधांचा खर्च हॉस्पिसनं उचलायचा असतो. मग लिहिण्यातली चूक थेट रुग्णाला भोवते.

विजापूर_वेस:
ताई, पटलं नाही. मी घरी जाऊन नर्सिंग करते. नव्वदीच्या आजी, जेवण दोन घासांवर आलेलं, जुना एकही रिपोर्ट नाही. आता निदानाच्या रकान्यासाठी त्यांना उचलून इकोला (हृदयाच्या सोनोग्राफीला) न्यायचं? आणि न नेता 'हार्ट फेल्युअर' लिहिलं तर ते खोटंच की.

जुळे_सोलापूरकर:
तपासण्यांचा आग्रह माझाही नाही. पण घोट्याला सूज आहे का, आडवं झाल्यावर धाप लागते का, उशाला तीन उशा लागतात का, हे तर बघता येतं? एवढं पाहून डॉक्टरांनी मत लिहावं. कोडरला लक्षणांवरून आजार ठरवायची मुभा नसते, आम्ही डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारा प्रश्न, पाठवतो. बऱ्याचदा उत्तरात आजाराचं नाव येतं, म्हणजे ते माहीत होतं, फक्त लिहिलं नव्हतं. मला त्रास याचाच होतो.

बार्शीवाला:
ताईंच्या बाजूनं एक मुद्दा. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. माणसं गावोगाव फिरली, तेव्हा बायकांमधला गर्भाशयमुखाचा कर्करोग किती आहे ते कागदावर आलं. दवाखान्यात बसून वाट पाहिली असती तर त्यातल्या कित्येकजणी 'म्हातारपणानं गेल्या' म्हणूनच राहिल्या असत्या.

विजापूर_वेस:
दादा, ते काम मोठंच आहे. पण मोजणी वेगळी आणि उशाशी बसणं वेगळं. शिवाय आपल्याकडे मुलगा दारातच हात धरून सांगतो, 'आईला कॅन्सर म्हणू नका.' ती फाइल असते तिच्याच खाटेखाली, आणि नात तिला वाचून दाखवते. स्वच्छ लिहिलेलं निदान त्या घरात काय करतं, हे कोडिंगच्या पडद्यावर दिसत नाही. दुखणं कमी करायला मला निदानाच्या नावापेक्षा मॉर्फिन वेळेवर मिळणं जास्त गरजेचं आहे.

डॉक्टर_सातरस्ता:
दोघींशी थोडा वाद घालतो. मृत्यूचं कारण लिहायच्या फॉर्म ४ वर आजही 'हृदयक्रिया बंद पडली' असं लिहिलं जातं. ती तर प्रत्येकाचीच बंद पडते. पहिल्या भागातल्या शेवटच्या ओळीत मूळ आजार हवा असतो. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर त्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावी लागते, त्यामुळे लपवालपवी फार दिवस चालायची नाही. पण ताई, मेडिकेअरचा नियम पैसे देण्याचा आहे, वैद्यकाचा नाही. आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक कोडयादीत वार्धक्याचा आर५४ हा कोड आहेच. नीट तपासूनही काही सापडलं नाही तर तोच लिहिणं प्रामाणिक. भीती ही की तिथे बंदी आली म्हणून इथे कुणीतरी अंदाजानं अल्झायमर चिकटवेल.

जुळे_सोलापूरकर:
'नीट तपासूनही' हे मान्य. पण तपासलं होतं हे फाइलवर कुठे दिसतं, डॉक्टर? आर५४ लिहायचा तर त्याच्यावर चार ओळी हव्यात: वजन किती उतरलं, श्वास कसा, गिळता येतं का, बोलणं सुसंगत आहे का. त्या असतील तर माझी हरकत नाही.

विजापूर_वेस:
त्या चार ओळी मी लिहीन, रोज लिहिते. आजाराचं नाव मात्र डॉक्टरांनी घरी येऊन, हात लावून लिहावं. आमच्याकडे ते फोनवरून सांगितलं जातं आणि मी उतरवून घेते. हे बदलत नाही तोवर कडक नियमाचं ओझं माझ्याच पेनावर येणार, म्हणून माझा विरोध कायम.