जुना जपानी बास, चोपड्यात ५५ हजार सांगतायत: घ्यावा का, आणि काय तपासावं?

अमळनेर_बास
राम राम मंडळी. चोपड्याला बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राचं सामान विकायला काढलंय, त्यात इबानेझ या जपानी कंपनीचा चार तारांचा बास गिटार आहे. फेंडर कंपनीच्या जॅझ बास मॉडेलची कॉपी, दोन पिकअप (तारांचा आवाज उचलणाऱ्या कॉइल), स्क्रूवर बसवलेला नेक, रोजवूडचा फ्रेटबोर्ड. नेकच्या मागच्या प्लेटवरचा नंबर सी७६ ने सुरू होतो. मालक म्हणतात, "हा लॉसूटच्या (कोर्टातल्या दाव्याच्या) काळातला आहे, कलेक्टरचा माल." ५५ हजारांच्या खाली यायला तयार नाहीत.

फोटोंवरून आणि फोनवरून एवढं कळलंय: बाराव्या फ्रेटला तारा चांगल्या ४ मिमी वर आहेत, फ्रेटची टोकं हाताला टोचतात, पुढचा पिकअप ठीक वाजतो, पण मागचा एकटा लावला की आवाज पातळ आणि लांबून आल्यासारखा. रंग मूळचाच वाटतो. हेडवर ट्रस रॉडचं, म्हणजे नेकचा वाक काढणाऱ्या आतल्या सळईचं, झाकण दिसत नाही. मला लग्नसराईत अहिराणी गाण्यांच्या कार्यक्रमांत वाजवायला हवाय, कपाटात ठेवायला नाही. रविवारी बघायला जातोय. सोबत काय नेऊ, आणि काय दिसलं तर सरळ परत फिरू?

तापीकाठ
आधी किमतीचं बोलू, कारण तिथेच तुम्हाला दाबतायत. इबानेझच्या त्या काळच्या नंबरात पहिलं अक्षर महिन्याचं आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे. सी म्हणजे मार्च, ७६ म्हणजे १९७६. हे खरं असू शकतं, पण प्लेट चार स्क्रूंवर असते, कुठलीही कुठेही लागते. नेक काढल्याशिवाय त्या नंबरावर विसंबू नका.

लॉसूटचं म्हणाल तर १९७७ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीच्या मालक कंपनीने, नॉर्लिनने, इबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर दावा लावला तो गिब्सनसारख्या हेडस्टॉकच्या आकारावरून, आणि ते प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. जॅझ बास फेंडरचा. त्याच्या कॉपीचा त्या दाव्याशी काही संबंध नाही. वाद्य चांगलं असेल, पण त्या शब्दापायी एक रुपयाही जास्त देऊ नका.

आता नेक. जुन्या बासची सगळी किंमत नेकमध्ये असते. पिकअप, पॉट (आवाज-टोन कमीजास्त करणारे कंट्रोल), कीज (तारा सुरात आवळायच्या खुंट्या) हे सगळं बदलता येतं. बास सुरात लावा. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे ते बघा. साधं व्हिजिटिंग कार्ड अंदाजे ०.३ मिमी जाड असतं, ते जेमतेम सरकलं तर उत्तम. तेच जी तारेवर करा. ई खाली कार्ड सैल फिरतंय आणि जी खाली शिरतच नाही, किंवा उलट, तर नेकला पीळ आहे. पीळ ट्रस रॉडने निघत नाही. तिथे चहा घ्या आणि परत या.

दुसरं दुखणं नेक जिथे बॉडीत शिरतो तिथलं. ब्रिजकडून डोळा लावून हेडकडे बघा. शेवटचे चार-पाच फ्रेट वर उचललेले दिसले तर वरच्या सुरांना तार झणझणणार, आणि तेवढा भाग घासून फ्रेट नव्याने बसवल्याशिवाय इलाज नाही.

हेडवर झाकण नाही म्हणजे रॉडचा नट बहुतेक बॉडीकडच्या टोकाला आहे, जुन्या फेंडरसारखा. तारा सैल करा, चार स्क्रू काढा, नेक बाहेर घ्या. मालकाला आधी विचारा, आणि तो नाही म्हणाला तर ते उत्तर समजून भाव लावा. नट आधी पाव फेरा सैल करा, मग पाव फेरा आवळा. जोर लावू नका. नट अगदी आवळलेला आहे, पुढे जात नाही, आणि तरी नेकला १ मिमीचा वाक आहे, तर रॉड संपलाय. नट मोकळा गरगर फिरतोय आणि काही होत नाही, तर आटे गेलेत किंवा रॉड तुटलाय. दोन्ही बाबतींत तो बास नव्हे, सुटे भाग विकत घेताय. नेक काढलाच आहे तर तो बॉडीत बसतो त्या खाचेच्या कोपऱ्यांत तडे आणि नेकच्या टोकाला शिक्का आहे का तेही बघून घ्या.

टोकं टोचण्याची काळजी नको. आपल्याकडे उन्हाळ्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो, हवा कोरडी, लाकूड आकसतं, धातूचा फ्रेट आहे तेवढाच राहतो. बारीक कानशीने टोकं गोल करायचं काम आहे. फ्रेटची उंची मात्र मोजा. ०.६ मिमीच्या खाली असेल तर पुन्हा घासायला काही उरलेलं नाही, नवे फ्रेट लागतील.

भुसावळ_सोल्डर
तापीकाठ भाऊंनी लाकडाचं सगळं सांगितलं, मी वायरिंगचं सांगतो. मागच्या पिकअपचं वर्णन ओळखीचं आहे. कॉइलची तार कुठेतरी तुटली की पिकअप पूर्ण मुका होतोच असं नाही. तुटलेल्या जागेतूनही थोडा वरचा सूर पलीकडे जातो, म्हणून आवाज पातळ आणि पत्र्यासारखा येतो.

सोबत मल्टीमीटर आणि एक गिटारची केबल न्या. केबल बासला लावा, दुसऱ्या बाजूच्या पिनचं टोक आणि तिची बाहेरची नळी यांच्यामध्ये मीटर. टोनचा पॉट पूर्ण उघडा. पुढचा व्हॉल्यूम पूर्ण, मागचा बंद: जॅझ बासच्या नेहमीच्या वायरिंगमध्ये ७ किलोओहमच्या आसपास दिसायला हवं. मग उलट करा. कॉइल तुटलेली असेल तर आकडा एकदम १२० च्या आसपास जाईल, कारण तेव्हा मीटरला फक्त २५० किलोओहमचे दोन पॉट दिसतात. दोन्ही पिकअप चांगले असतील तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की साधारण निम्मं, साडेतीनच्या जवळ. जपानी कॉपीत आकडा थोडा इकडेतिकडे चालतो.

तुटलेली निघाली तरी घाबरू नका. तार बरेचदा बाहेरच्या टोकाला, जिथे ती जाड वायरला सोल्डर केलेली असते, तिथेच तुटते. चांगल्या उजेडात भिंगाने बघा. केसाएवढं टोक सापडलं तर आधी तेवढंच जोडा. आतून तुटली असेल तर नव्याने वाइंडिंग. इथे एक कळकळीची विनंती: पंखे-मोटारी भरणाऱ्याकडे देऊ नका. ही तार ४२ गेजची, ०.०६ मिमीच्या आसपास, आणि वेढे ९ हजारांच्या घरात. त्यांच्या यंत्रावर ती तुटत राहते आणि बॉबिन फुकट जातं. पिकअपचंच काम करणाऱ्याला द्या.

खरखर करणारे पॉट स्प्रेने साफ होतात. बदलायचेच झाले तर जपानी मापाचेच आणा. अमेरिकन पॉटला भोक मोठं लागतं आणि जुनी नॉब बसत नाही. मूळ प्लेटला ड्रिल लावलं की किंमत गेली.

नंदुरबारी_लो_एंड
थोडं विषयांतर. फेंडरच्या पॉटवर १३७६६३३ असं असेल तर १९६६ चा ३३ वा आठवडा ना? म्हणजे बासचं वर्ष पक्कं समजायचं का?

भुसावळ_सोल्डर
वाचलंत बरोबर, १३७ हा पॉट बनवणाऱ्या सीटीएसचा आकडा. पण पॉट फक्त एवढंच सांगतो की बास त्याच्या आधीचा नाही. १९६६ चे पॉट पुढची काही वर्षं फेंडरमध्ये वापरले गेले. नेकचं टोक, पिकअपचा तळ आणि पॉट, तिन्ही एकमेकांना जुळले तरच वर्ष धरा. आणि सोल्डर बघा: जुनं सोल्डर मळकट राखाडी असतं, चकचकीत असेल तर कुणीतरी हात घातलाय.

अमळनेर_बास
जाऊन आलो. ई आणि जी दोन्हीकडे फट सारखीच, अंदाजे ०.८ मिमी. पीळ नाही, शेवटचे फ्रेट सरळ. नेक काढू दिला. नट पाव फेरा आवळला, सहज फिरला, आणि तारा चढवल्यावर फट कमी झाली. फ्रेट ०.९ मिमी. पुढचा पिकअप ७.१, मागचा १२२. एक की वेगळ्या कंपनीची, मागे जुन्या स्क्रूची भोकं दिसतायत. जी तारेवर सहाव्या फ्रेटला सूर लवकर मरतो. सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ते तुकडे) अजून २ मिमी खाली जाऊ शकतात. वजन ४.१ किलो.

तापीकाठ
मग नेक निरोगी आहे, हीच मोठी गोष्ट. सहाव्या फ्रेटचा मेलेला सूर हा दोष धरू नका; जॅझ बासच्या घाटणीत जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटला तो बरेचदा सापडतो, नेक स्वतःच त्या सुराला थरथरून ताकद खातो. हेडला छोटा क्लॅम्प लावला की जागा सरकते.

फट ०.३ वर आणा, सॅडल खाली घ्या, बाराव्या फ्रेटला ई २.५ आणि जी २ मिमी बसते का बघा. बसली नाही तर खाचेत ०.५ मिमीची पाचर घाला, पण खाचेच्या पूर्ण तळाएवढी, उतरती तासलेली, जाड बाजू ब्रिजकडे. टोकाला नुसती पट्टी ठेवली तर मध्ये पोकळी राहते आणि नेक तिथे वाकतो. मृगाचा पाऊस स्थिरावला की फट पुन्हा मोजा, हवा दमट झाली की नेक हलतोच.

भावाचं माझं मत: मागचा पिकअप तुटका, एक की परकी, फ्रेट एकदा घासावे लागणार. वाजवणाऱ्यासाठी हा ३० ते ३५ हजारांचा बास आहे. पिकअप नुसत्या सोल्डरने जमला तर तो तुमचा फायदा, मालकाचा नव्हे. आणि मूळ की नक्की विचारा. काढलेली मूळ की बरेचदा टाकून न देता पेटीच्या कप्प्यात ठेवलेली असते. ती मिळाली तर आणखी २ हजार द्यायला हरकत नाही.