माळ्यावरच्या डीव्हीड्या भंगार नाहीत

नौपाडाकर:
परवा घोडबंदरकरांनी लिहिलं, "कपाटातल्या सीड्या-डीव्हीड्या भंगारात द्या, आता सगळं स्ट्रीमिंगवर आहे. सरळ ५५ इंची फोरके टीव्ही घ्या." दोन दिवस गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना.

सगळं आहे? गणपतीत घरी बावीस माणसं जमली होती. आईला तिच्या तरुणपणीचा मराठी सिनेमा दाखवायचा म्हणून आठवडाभर आधी ॲपवर शोधून ठेवला. त्या रात्री लावायला गेलो तर गायब! हक्कांची मुदत संपली की सिनेमा जातो, वर्गणी मात्र चालू राहते. शेवटी माळ्यावरचा प्लेअर उतरवला, धूळ पुसली, व्हीसीडी (सीडीवरचा सिनेमा) लावली. दुसरी डिस्क घालायला उठलो तेव्हा आई म्हणाली, "आता ते गाणं येईल बघ." २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने सिनेमांची व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली, त्या दिवसांत ठाण्याच्या गोखले रोडवरून पिशव्या भरभरून आणलेला ठेवा आहे हा.

घोडबंदरकर:
व्हीसीडी म्हणजे ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं चित्र. मोठ्या टीव्हीवर चेहऱ्याचे ठोकळे होतात. आईंबद्दल आदर आहे, पण चित्राबद्दल बोला.

आणि मी चटके बसल्यावर लिहितोय. २०११ मध्ये बोनस घालून थ्रीडी टीव्ही घेतला. मुलीचं डोकं दुखायचं, बायकोच्या चष्म्यावर तो चष्मा बसायचा नाही. २०१७ मध्ये सोनी आणि एलजीनेही थ्रीडी सोडून दिलं. चारही चष्मे ड्रॉवरमध्ये पडलेत. मेव्हण्याने एचडी डीव्हीडीचा, म्हणजे ब्लू-रेच्या स्पर्धेतल्या डिस्कचा, प्लेअर परदेशातून आणला आणि फेब्रुवारी २००८ मध्ये ती काढणाऱ्या तोशिबानेच हात वर केले. वस्तू घेणारा दरवेळी अडकतो.

नौपाडाकर:
थ्रीडी फसलं यात डीव्हीडीचा काय दोष? ती आजच्या ब्लू-रे (डीव्हीडीनंतरची डिस्क) प्लेअरवरही चालते. चित्राचंच बोलायचं तर फोरके डिस्कवर १०० जीबीपर्यंत मावतं. स्ट्रीमिंगला तोच सिनेमा दाबून पाठवतात, म्हणून अंधाऱ्या दृश्यांत पट्टे दिसतात. आणि सोफा दहा फुटांवर असेल तर ४३ इंचांवर फुल एचडी आणि फोरके यांतला फरक साध्या नजरेला कळत नाही. काळा रंग किती काळा दिसतो, तो फरक कळतो.

खारघरवाली:
डिस्क असो की कॅसेट, ठेवली की टिकते असं धरून चालू नका. माझ्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट पाच पावसाळे बेडच्या बॉक्समध्ये होती. उघडली तर टेपच्या कडेला पांढरी बुरशी, पिठासारखी. तशीच व्हीसीआरमध्ये घातली आणि त्याचं टेप वाचणारं हेड खराब झालं. बाबा त्या कॅसेटमध्ये बोलताना दिसतात, आणि ते आता नाहीत. कॉपी काढून ठेवा, बाकी वाद नंतर घाला.

वाशीकर:
डिस्क असो की स्ट्रीमिंग, नव्या टीव्हीवर सिनेमा सिनेमासारखा दिसतच नाही त्याचं काय? सगळं मालिकेच्या सेटवर शूट केल्यासारखं गुळगुळीत. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, आणि टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतो. टॉम क्रूझने २०१८ मध्ये याच्याविरुद्ध व्हिडिओ काढला होता. दुकानवाल्याला विचारलं तर म्हणे, "साहेब, हेच लेटेस्ट आहे." मी पैसे मोजलेत, मला चुकीचं चित्र दाखवू नका!

खारघरवाली:
आमच्याकडे सासऱ्यांना तेच आवडतं. क्रिकेटचा चेंडू स्वच्छ दिसतो म्हणतात. मी बंद केलं की ते चालू करतात.

वाशीकर:
क्रिकेटला ठेवा हो. सिनेमाला कशाला? कॅमेरामनने जीव ओतून केलेलं काम आपण बिघडवून बघतोय आणि कुणाला कळतही नाही, याचा संताप येतो.

घोडबंदरकर:
ओरडू नका, वाशीकर. पिक्चर मोडमध्ये फिल्ममेकर मोड (सिनेमा मुळात आहे तसा दाखवणारा) आहे का बघा. नसेल तर मोशनचं सेटिंग शून्यावर न्या. माझं मी तीन वर्षांपूर्वीच बंद केलंय.

नौपाडाकर:
म्हणजे सिनेमा जसा काढला तसाच दिसावा, हे तुम्हालाही वाटतं. मग तो मिळत राहावा असं का वाटत नाही?

घोडबंदरकर:
बरं. 'भंगार' हा शब्द मागे घेतो. नव्या डिस्क मी घेणार नाही, ते कायम. पण जे कुठेच मिळत नाही ते टाकू नये, एवढं मान्य.

वाशीकर:
सापडलं सेटिंग. तीन मेनू आत होतं. बायकोला काही न सांगता कालचाच सिनेमा परत लावला. ती म्हणाली, "आज बरा दिसतोय."

खारघरवाली:
नौपाड्यात बुरशीची कॅसेट हाताने साफ करून कॉपी काढून देणारं कुणी उरलंय का? दुसरी एक आहे, बारशाची. ती मी अजून उघडलेली नाही.