फ्रूटी फ्लोरल परफ्यूम तासाभरात उडतो, की मलाच तो यायचा बंद होतो?

केशरपिवळी
स्वतःच्या पैशांनी घेतलेला माझा पहिलाच परफ्यूम आहे, महागातला नाही, साधा ईडीटी (ओ द तॉयलेत, म्हणजे हलका प्रकार). बॉक्सवर नासपती, पीच, पिओनीचं फूल, जाई आणि शेवटी व्हाइट मस्क असं लिहिलंय. मारल्या मारल्या इतका सुंदर येतो की बस, अगदी आत्ता नासपती कापलीय असा, पण दहा-पंधरा मिनिटांत ते रसाळपण जातं, मग स्वच्छ धुतलेल्या कपड्यांसारखं गोडसर काहीतरी उरतं आणि तासाभरात तर मला काहीच येत नाही. म्हणून मी ऑफिसात दुपारी परत दोन-तीन फवारे मारायचे. परवा शेजारी बसणारीने हळूच सांगितलं की तिचं डोकं दुखतंय, थोडा कमी लावशील का, मला फार वाईट वाटलं कारण मला खरंच वाटत होतं की वास उडून गेलाय. आता कळत नाहीये परफ्यूम हलका आहे की माझं नाक. आणि स्वस्तातला परफ्यूम चांगला की वाईट हे ठरवायचं तरी कसं?

निशिगंध
नाक बिघडलेलं नाहीये तुझं, सगळ्यांचं असंच होतं. एकच वास सतत येत राहिला की मेंदू त्याच्याकडे लक्ष देणं सोडतो, आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही पण पाहुण्याला दारातच येतो ना, तसंच. त्यात तुझ्या परफ्यूममध्ये शेवटी उरणारा मस्क, म्हणजे कस्तुरीसारखा वास आहे, आणि काही कृत्रिम मस्क असे असतात की काही जणांना ते जवळजवळ येतच नाहीत, शेजारच्याला मात्र व्यवस्थित येतात. त्यामुळे आपल्याला येत नाही म्हणून परत मारायचा हा नियमच सोडून दे. घरातल्या कुणाला तरी विचार, तेही न सांगता की कधी लावलाय. नाहीतर सकाळी ओढणीच्या एका टोकाला एक फवारा मार, ती दुसऱ्या खोलीत ठेव आणि चार तास बाहेर जाऊन आल्यावर हुंग, तेव्हा खरा अंदाज येतो.

अत्तरडबी
नासपती लगेच जाते यात परफ्यूमचा दोष नाही हे आधी सांगते, कारण लोक या एका गोष्टीवरून स्वस्त परफ्यूमला नावं ठेवतात. फळांचा ताजा वास देणारे बरेचसे रेणू हलके असतात, ते आधी उडणारच, महागातलेही उडतात. आणि खऱ्या नासपतीचं किंवा पीचचं तेल काढून कुणी बाटलीत भरत नाही, संत्र्या-लिंबाच्या सालीतून तेल निघतं तसं या फळांतून कामाचं तेल निघत नाही, पिओनीचंही तेच. पीचचा वास येतो गॅमा-अनडेकालॅक्टोन नावाच्या रसायनातून, परफ्यूमवाले त्याला आल्डिहाइड सी-१४ म्हणतात पण तो आल्डिहाइड नाहीच, लॅक्टोन या वेगळ्याच गटातलं रसायन आहे. गेर्लां या फ्रेंच कंपनीच्या १९१९ च्या मित्सुको या परफ्यूममधलं प्रसिद्ध पीच म्हणजे हेच. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या नावाजलेल्या परफ्यूममध्येही फळ प्रयोगशाळेतलंच होतं, त्यामुळे ‘केमिकल आहे म्हणून स्वस्त’ हे मला अजिबात पटत नाही. हा लॅक्टोन मात्र नासपतीच्या मानाने बराच टिकतो, म्हणून तुझ्या परफ्यूममध्ये नासपती गेल्यावर पीच थोडा मागे राहतो का बघ.

मी स्वस्तातला परफ्यूम जोखते तो दुसऱ्या-तिसऱ्या तासाला. पहिली दहा मिनिटं सगळेच छान असतात, दुकानात आपण तेवढ्यावरच घेतो म्हणून सगळी मेहनत तिथे केलेली असते. फळ गेल्यावर मध्ये फूल येतंय का, जाई थोडी तरी ओलसर, हवेशीर वाटतेय का, की सरळ साखरेचा पाक उरतोय? तो कापूस-मिठाईसारखा गोडवा बहुतेक वेळा इथाइल माल्टोल या गोड वासाच्या रसायनाचा असतो, थोडा असला की फळ रसाळ वाटतं आणि जास्त झाला की मागचं सगळं झाकून टाकतो. तुझ्यात स्वच्छ मस्क उरतोय म्हणतेस, तर माझ्या मते बाटली चांगली निघालीय.

शांतगंधा
लावायचं कसं ते मी सांगते. अंघोळीनंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर, त्यावर दोन फवारे, बस्स. कोरड्या त्वचेवर लवकर उडतो. मनगटं एकमेकांवर घासू नकोस, वरचं फळ अजून लवकर जातं. ऑफिसला जाताना गळ्यावर मारण्यापेक्षा कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कपड्यांच्या आत पोटावर मार, मग सारखा आपल्याच नाकाखाली राहत नाही आणि शेजारच्यांनाही त्रास कमी. कपड्यांवर जास्त टिकतो हे खरं पण रेशमावर आणि पांढऱ्यावर डाग पडू शकतो, आणि कपड्यावर तो त्वचेवर उलगडतो तसा उलगडत नाही, म्हणून निशिगंधची ओढणीची युक्ती टिकतो किती हे बघायला ठीक, पण आवडतो का हे ठरवायला हातावरच हवा. एका वेळी एका हातावर एकच. बाटली बाथरूममध्ये किंवा खिडकीत ठेवू नकोस, उजेड आणि उष्णता लागली की ही फळं लवकर बिघडतात. आणि लावल्यावर खाज किंवा लाल पुरळ आलं तर तो परफ्यूम त्वचेवर लावणं बंदच कर, लिनालूल, लिमोनीन अशा परफ्यूममधल्या घटकांची काही जणांना खरंच अ‍ॅलर्जी असते.

बकुळी२
ईडीटीत सुगंधी भाग साधारण ५ ते १५ टक्के असतो, ईडीपीत (ओ द पर्फ्यूम, त्याहून दाट प्रकार) १५ ते २० च्या आसपास, त्यामुळे आठ-दहा तासांची अपेक्षाच धरू नकोस. मी फक्त एवढंच विचारेन की नासपती गेल्यावर जे उरतं ते तुला आवडतं का? कारण दिवसभर तेच अंगावर असणार. मी एकदा फक्त सुरुवातीच्या ब्लॅककरंटसाठी एक बाटली घेतली, खालचा व्हॅनिला मला सहन व्हायचा नाही, शेवटी देऊन टाकली.

केशरपिवळी
सगळ्यांना खूप थँक्यू गं. तीन दिवस करून पाहिलं. सकाळी आठला लोशनवर दोन फवारे, कोपराच्या आत, दुपारी अजिबात नाही. एकला मला काहीच येत नव्हतं, पण बहिणीला न सांगता जवळ बसवलं तर तिने लगेच ओळखला, चारला मात्र तिलाही हात नाकाशी नेल्यावरच आला. म्हणजे पाच तास नक्की. अत्तरडबी, नासपती गेल्यावर पीच खरंच राहतो, अर्धा-पाऊण तास तरी, आधी मी कधी लक्षच दिलं नव्हतं, आणि त्यानंतरची जाई मला आता नासपतीपेक्षा जास्त आवडायला लागलीय. शेजारच्या मैत्रिणीला सॉरी म्हटलं आणि आज विचारलं, म्हणाली आता अजिबात त्रास होत नाही, उलट नाव विचारून घेतलं.