फोल्डरांपेक्षा खुणा सोयीच्या
ईमेलमधून आलेली कामे नीट लक्षात राहावीत म्हणून प्रत्येक कामासाठी वेगळा फोल्डर करून ईमेल त्यात हलवावी, असे अनेकदा सुचवले जाते. पत्रे मोजकी असतील तर ते ठीकच, पण एकच ईमेल दोन कामांशी निगडित असली की ती कोठे ठेवायची हा प्रश्न उरतो. दारव्हा तालुक्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा पत्रव्यवहार मी पाहतो. गेल्या खरिपात सोयाबीन बियाण्याच्या मागणीची एक ईमेल मी 'बियाणे' या फोल्डरात नीट ठेवली आणि तिच्यातच लिहिलेली पैसे भरण्याची मुदत नजरेआड होऊन टळून गेली. चूक माझीच होती.

तेव्हापासून थंडरबर्ड या संगणकावरील ईमेल प्रोग्रॅममध्ये मी फक्त खुणा (टॅग) वापरतो. ईमेल निवडून ४ दाबले की 'करायचे' ही खूण लागते, ५ दाबले की 'नंतर', आणि ० दाबले की सर्व खुणा निघतात. त्या खुणेचा शोध जतन केला, की तो डावीकडे फोल्डरासारखा दिसतो, मूळ ईमेल मात्र जागची हलत नाही. मुदतीच्या ईमेलवर राइट क्लिक करून तिचे थेट टास्कमध्ये, म्हणजे दिनदर्शिकेतील करायच्या कामाच्या नोंदीत, रूपांतर करता येते. २०२० च्या ७८व्या आवृत्तीपासून दिनदर्शिका थंडरबर्डच्या आतच असल्यामुळे त्यासाठी वेगळे काही बसवावे लागत नाही. शिवाय आमच्याकडे वीज गेली की थोड्या वेळाने मोबाइलचा टॉवरही बंद पडतो. ईमेल लॅपटॉपवर उतरवून ठेवल्या असतील तर खूण लावलेल्या ईमेलची ही यादी तेव्हाही उघडते.